वस्तादांच्या खुर्चीचा दावा पुन्हा फाईलवर घेण्याबाबत

प्रति,
मा. दिवाणी न्यायाधीश,
नादारी प्रकरणे, दालन दुसरे,
दिवाणी न्यायालय.

विषय: उभय पक्ष गैरहजर म्हणून काढून टाकलेला खुर्चीचा दावा पुन्हा फाईलवर घेणेबाबत.
संदर्भ: आपला गेल्या मंगळवारचा आदेश.

महोदय,

१. अर्जदार हा चौकातल्या जुन्या सलूनचा मालक असून सदर दाव्यात वादी आहे. प्रतिवादी हा त्याचा गुरुबंधू. दोघे एकाच वस्तादांकडे, एकाच आरशासमोर काम शिकले. पुढे प्रतिवादीने हमरस्त्यावर भिंतभर आरशांचे थंडगार सलून थाटले, ऐपतीबाहेर कर्ज काढले आणि तो नादार ठरला. त्याची मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरसाहेबांच्या ताब्यात असून लवकरच लिलाव आहे. त्या मालमत्तेत वस्तादांची फिरती खुर्ची धरली गेली आहे. ती प्रतिवादीची नाही, असा दावा होता.

२. आमच्या धंद्याचा रिवाज असा की, वस्तादाची खुर्ची ज्या शिष्याचा हात हलका त्याच्याकडे जाते. वस्ताद वारले तेव्हा अर्जदार सासऱ्यांच्या आजारपणासाठी परगावी होता. परत येऊन पाहतो तो खुर्ची प्रतिवादीच्या दुकानात स्क्रूने पक्की केलेली. विचारले असता, तुझ्याकडे जागा कुठे आहे, असे उत्तर मिळाले. खुर्चीच्या डाव्या हाताचे चामडे वस्ताद टेकून उभे राहत त्या जागी झिजले होते. प्रतिवादीने तिथे नवे चामडे बसवले. हे अर्जदार आजवर विसरलेला नाही.

३. या परिच्छेदाचा दाव्याशी संबंध नाही असे अर्जदाराच्या वकिलांचे मत पडले, सबब हा अर्ज अर्जदाराने स्वतः लिहिला आहे. नादार झाल्यावर तरी प्रतिवादीचा तोरा उतरेल अशी अर्जदाराची रास्त अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचे घेणेकरी त्याच्या घरी जाऊन चहा पितात आणि त्याचीच समजूत काढतात. रिसीव्हरसाहेब सामानाची यादी करायला गेले ते त्याच्याकडून केस कापून घेऊन परतले. अर्जदाराने ते केस न्यायालयाच्या जिन्यात मागून नीट पाहिले. कानामागची रेघ चांगली होती. हे शपथेवर सांगताना अर्जदाराच्या पोटात दुखते. खुद्द अर्जदाराची पत्नी जेवताना, भावजींचं फार वाईट झालं, असे म्हणते. अर्जदाराने कधी कोणाचा हप्ता चुकवला नाही, पण त्याचे चांगले झाले असे त्याच्या घरात अद्याप कोणी म्हटलेले नाही.

४. आता गैरहजेरीचे कारण. मंगळवारी अर्जदार वेळेआधी हजर होता. नंतर परस्पर एका आजारी गिऱ्हाइकाच्या घरी जायचे असल्याने हजामतीची पेटी सोबत होती. दारावरच्या पोलिसाने ती उघडून पाहिली, स्वतःच्या मिशीबद्दल सल्ला घेतला आणि आत सोडले. व्हरांड्यात प्रतिवादी बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. येणारेजाणारे हळहळत होते. एका कारकुनाने त्याला स्वतःची खुर्ची आणून दिली. अर्जदाराला कोणी बस म्हटले नाही.

५. ही दाढी आपल्यासमोर गेली तर दावा बुडालाच, हे अर्जदाराने ओळखले. शिवाय वस्तादांचा शिष्य असा चारचौघांत बसलेला त्याला पाहवेना. यातले कोणते कारण मोठे होते ते अर्जदारास सांगता येत नाही. त्याने प्रतिवादीला जिन्याखालच्या नळापाशी नेले. प्रतिवादीने हरकत घेतली नाही. एक गाल झाला. दुसरा चालू असताना प्रतिवादी डोळे मिटून म्हणाला, “हात तुझाच हलका. वस्ताद नेहमी म्हणायचे.”

अर्जदाराने विचारले की, कोणाला म्हणायचे?

“मला. तुला कसं सांगणार? तू वर चढला असतास. माझ्यानं बघवलं नसतं.”

६. याच क्षणी अर्जदाराचा वस्तरा चुकला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला रक्त काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. तुरटी लावून दाबून धरावे लागले. तेवढ्यात वरून पुकारा झाला. अर्धी दाढी सोडून वस्तादांचा शिष्य हलत नाही आणि अर्ध्या दाढीने कोणी न्यायालयात जात नाही. दोघांनीही पुकारा ऐकला, दोघेही थांबले. वर पोहोचले तेव्हा पट्टेवाला पुढचे प्रकरण पुकारत होता.

७. अर्जदार प्रामाणिकपणे निदर्शनास आणू इच्छितो की, प्रतिवादीच्या हनुवटीवर आता खूण आहे. ती हात जड असल्याचा पुरावा म्हणून वाचली जाऊ नये. तसेच, गळ्याशी वस्तरा असताना माणूस काहीही कबूल करतो, असे वकिलांनी सांगितल्यापासून अर्जदाराची झोप उडाली आहे. प्रतिवादी खरे बोलला की मान वाचवत होता, हे ठरवण्याचे साधन अर्जदाराकडे नाही. ते फक्त आपल्याकडे आहे.

८. सबब विनंती की, दावा मूळ क्रमांकावर पुन्हा फाईलवर घ्यावा. तोवर खुर्चीचा लिलाव थांबवता आला तर थांबवावा. येत नसेल तर खुर्ची जाऊ द्यावी. नवे चामडे लावल्यापासून ती तशीही वस्तादांची वाटत नाही. मात्र प्रतिवादीस शपथेवर उभे करून वस्ताद नेमके काय म्हणायचे ते विचारावे आणि त्याचे उत्तर शब्दशः नोंदवून घ्यावे. त्या वेळी अर्जदाराची पेटी दारावरच्या पोलिसाकडे राहील. अर्जदार रिकाम्या हातांनी सर्वांत मागे, भिंतीला टेकून उभा राहील. तिथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलण्याचा प्रतिवादीस आदेश व्हावा.

आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार
(सही)
चौकातले जुने सलून
दिनांक: आदेशानंतरचा पहिला सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस

सोबत:
१. अर्जदाराचे शपथपत्र.
२. आदेशाची नक्कल.
३. त्या दिवशीचा टॉवेल. पत्नीने न विचारता धुतल्याने डाग फिकट आहे.