माझ्याही नळीतल्या गुठळ्या

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तपासणीच्या नळीत गुठळ्या दिसल्या की निदान सांगायला माझी जीभ अजून अडखळते. डॉक्टरकीची परीक्षा देऊन मी बारामतीला तुमच्या दवाखान्यात हाताखाली आलो, त्याच वर्षी तुम्ही मुदतीच्या तापासाठी, म्हणजे टायफॉइडसाठी, रक्त तपासायचं सामान पुण्याहून मागवलं होतं. रक्तावरचं पिवळं पाणी पातळ करत नळ्यांत घालायचं, त्यात त्या तापाचे मेलेले जंतू सोडायचे आणि सकाळी गुठळ्या झाल्या का ते बघायचं; झाल्या तर ताप मुदतीचा. मला तर त्या नळ्यांपुढं माणूसच दिसेनासा झाला होता.

शेळगावची ती ओली बाळंतीण. अंगात ताप, नळीत गुठळ्या. मी छातीठोकपणे मुदतीचा ताप सांगितला, तिचं अन्न तोडलं आणि बाळ काढून जावेकडे दिलं. सासू दारात उभी. "सायेब, पोर वरचं दूध घेत न्हाय. कसं करू?" मी म्हणालो, नळीत दिसतंय ना, मग वाद नको.

तुम्ही आतून आलात, मला बाही वर करायला लावलीत आणि माझंच रक्त काढलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नि माझ्या नळ्या खिडकीशी धरल्यात. माझ्यातही तेवढ्याच गुठळ्या. "तुला बी मुदतीचा ताप हाय म्हणायचा. जा, नीज जाऊन." मग हसू आवरून म्हणालात, "हितलं पाणी पिऊन वाढलेल्या धडधाकट माणसात बी एवढं असतंय. एकदा बघून काय कळणार? आठ दिसांनी परत बघ. लई वाढलं तर मानायचं." तिच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलात. कालव्याकाठचा हिवताप निघाला. क्विनाइन सुरू केलंत आणि बाळ स्वतः उचलून तिच्या कुशीत दिलंत. आठ दिवसांनी तिच्या नळ्या होत्या तशाच होत्या, ताप मात्र गेला होता.

पुढं इंदापूरपर्यंत हिंडून तुम्ही निरोगी माणसांची रक्तं तपासलीत, इथं एरवीच गुठळ्या किती होतात ते कळावं म्हणून. तालुक्याच्या गावी बसून हे करणारा माणूस माझा गुरू, हे सांगताना आजही माझी छाती फुगते. माझे विद्यार्थी एका नळीवर भुलत नाहीत. लशीनंही गुठळ्या होतात, म्हणून आधी लस टोचलीय का विचारतात, आठवड्यानं परत रक्त घेतात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते बरंच आहे. दरवर्षी वर्गात मी ही गोष्ट सांगतो. मग कुणीतरी विचारतं, बाळ आईपासून तोडणारा तो डॉक्टर कोण? मी म्हणतो, होता एक, त्याचं पुढं काय झालं ठाऊक नाही.