दोन टिचक्यांचं पेटंट

मंगळवार, संध्याकाळ. नांदे.

आज आमच्या फोन कंपनीच्या वकिलांचा मेल आला. फोनच्या पाठीवर दोन टिचक्या मारल्या की कोणाचा फोन आलाय ते फोनच बोलून सांगतो, ही सोय मी वर्षभर खपून केली होती. तिचं पेटंट दुसऱ्या कंपनीकडे आहे म्हणे. खटला नको म्हणून साहेबांनी ती काढायला सांगितली. मी मुकाट्याने हो म्हणालो. इतक्या सहज कसा म्हणालो?

घरमालकीण काकूंना कमी दिसतं, म्हणून ही सोय असलेला चाचणीचा एक फोन त्या वापरतात. तो परत मागायला खाली गेलो आणि सगळं सांगितलं.

“त्यांच्या फोनात हाय का मग ते?”

“नाही. नुसतं नावावर करून ठेवलंय.”

“म्हंजी जमीन पडीक ठेवायची, अन् दुसऱ्यालाबी कसू द्यायची न्हाई.”

मी फोन न मागताच वर आलो.