रोज, बहिणीकडे

३ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चौकात छोट्या रेल्वेचं स्टेशन करायचं घाटतंय, ऐकलंस ना? पायरी नसलेले डबे, रस्त्यालगतच फलाट, आणि दुसरं टोक थेट माझ्या दाराशी! पण तुमच्या भागातून मागणीचे पुरेसे फॉर्म आले नाहीत, तर तुमचं स्टेशन गाळणार. कोरा फॉर्म सोबत पाठवते. भरून माझ्याकडेच पाठव, त्यांचं ऑफिस आमच्या गल्लीत आहे.

वहिनी गेल्यापासून दोन वर्षं तू इकडे फिरकला नाहीस. माझे गुडघे बसच्या पायरीपुढे हात टेकतात, पण तुला काय धाड भरलीय? मला फार वाईट वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिलं.

राग आणि लोभ, दोन्ही तुझ्यावरच.
बुटकी

९ मार्च
चि. बुटकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कान लाल झाले. अगं, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कंटाळा आला म्हणून ब्रश खाली ठेवला, तरी जुनी गिऱ्हाईकं सोडतात कुठे! तब्येत ठणठणीत आहे. तुझ्याकडे यायचं म्हणजे दोन बस बदला, वर तुझी बडबड ऐका. पुढच्या महिन्यात बघू.

फॉर्म जोडलाय. खाली 'वरील माहिती खरी आहे' असं छापून सही मागतात, म्हणून विचार करून भरला. तू वाचू नकोस, थेट देऊन टाक.

तुझ्या गुडघ्यांना वेगळे आशीर्वाद.
दादा

१४ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

नको म्हणालास, म्हणून आधी तोच वाचला. 'सध्या प्रवास का करत नाही?' यापुढे तू लिहिलंयस, दूरचं दिसत नाही, बसचा नंबर वाचता येत नाही. 'स्टेशन झाल्यास किती वेळा व कुठे जाल?' यापुढे, रोज, बहिणीकडे.

सरकारी कागदावर खोटं लिहायला तुझा हात धजत नाही, आणि मला मात्र बिनदिक्कत थापा! खूप रडले. मग तुला मनसोक्त शिव्या दिल्या, आणि दोन वर्षं तुला नावं ठेवली म्हणून स्वतःलाही.

फॉर्म दिला. कारकून म्हणाला, सगळं सुरळीत झालं तर सहा वर्षं लागतील. तेवढा धीर मला नाही. शनिवारी मीच येते. चढताना कंडक्टरचा हात मागेन, त्यात कसली लाज? मग दोघं मिळून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ.

तुझीच, चिडलेली,
बुटकी

१७ मार्च
चि. बुटकीस,
अ. उ. आ.

जन्मभर पाट्या रंगवणाऱ्याला आता पाटी वाचता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो गं? तुला कळलं, बरं झालं. हलकं वाटतंय.

शनिवारी नक्की ये. मी थांब्यावर उभा राहीन. तुझी बस कोणती ते मला कळायचं नाही, म्हणून सकाळपासून येईल त्या प्रत्येक बसला हात करीन.

दादा