बस वळण्यापुरती जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, गणिताची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पुरत्या शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता लिहीत आहे. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही, पण बोलताना त्यांनी चष्मा तीनदा पुसला, त्यावरून मी समजले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलाच्या नावे. मात्र रस्त्याकडची खोली माझी धाकटी बहीण आहे तोवर तिचीच. तिला जन्मापासून दिसत नाही. तिथली खुर्ची, कपाट बोटभरही हलवू नये. सुनेने हौसेने आवराआवर केली की बिचारी दोन दिवस ठेचकाळत असते.

२. फळ्यावरचा लाकडी कंपास शाळेला द्यावा. शाळेने मागितलेला नाही, तरी द्यावा.

३. पुढचे अंगण. हे कलम लांबेल.

गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती. तिथे बस यायची आणि वळायची. एकोणीस वर्षे धाकटी काठी टेकत एकटी त्या बसने हॉस्पिटलात टेलिफोनवर कामाला जात होती. तिथे बस ठेवायची की गाड्या लावायच्या, यावर रहिवासी मंडळात मतदान झाले. मते समसमान पडली. अध्यक्ष मी, म्हणजे निर्णायक मत माझे. त्याच आठवड्यात मुलाने गाडी घेतली होती. "आई, अंगणात उन्हाने रंग जातो गं, तिथे सावली आहे," म्हणाला होता. मी गाड्यांच्या बाजूने हात वर केला.

चालकाने दहा-बारा दिवस कशीबशी बस मागे घेत वळवली. मग ती एका गाडीला घासली आणि थांबा हमरस्त्यापलीकडे गेला. तो रस्ता डोळसांनाही ओलांडवत नाही. मुलगा तिला गाडीने सोडायचा, म्हणजे सवड असली तर. धाकटी तयार होऊन, पर्स मांडीवर घेऊन बसायची. "मावशी, आज नाही जमत," ऐकले की पर्स परत खुंटीला. गेल्या महिन्यात तिने नोकरी सोडली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

म्हणून माझे अंगण कुंपणासकट बस वळायला द्यावे. पण बसच्या कार्यालयाने लेखी कळवले आहे, की एवढ्या जागेत बस वळत नाही, शेजारचेही अंगण हवे. शेजारी माझे धाकटे दीर, निवृत्त सर्व्हेअर. मधली भिंत त्यांनी वीतभर माझ्या बाजूला सरकवून बांधली. सर्व्हेअर माणूस, चुकून होणे नाही. अठरा वर्षे मी ती वीत मनात धरून बसले, आज सोडली. त्यांनी आता भिंतच पाडावी, ही विनंती. मृत्युपत्रात दुसऱ्याची जमीन देता येत नाही, हे मला वकिलाशिवायही कळते.

४. साक्षीला दिरांनाच बोलावले आणि तिसरे कलम वाचून दाखवले.

"वहिनी, मग माझी गाडी कुठे लावू?"

त्यांची गाडी चार वर्षे अंगणात कापडाखाली आहे.

"भावजी, ती चालवतं कोण?"

"गुडघ्यांमुळे कोणी नाही. पण दारात आहे ना."

मला रागावता आले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार?

धाकटी दाराआड ऐकत होती. आत येऊन म्हणाली, "ताई, मग बस कधीपासून गं?"

आयुष्यभर मुलांना उत्तर येईपर्यंत उभे केले, आणि मी मात्र "बघू," म्हणाले. ती काठी घेऊन अंगणात उतरली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "ताई, सतरा पावलं."

सतराव्या पावलाला भिंत लागते.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, सही केली आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: दीर, शेजारी. (तिसरे कलम ऐकले. मान्य नाही. सही साक्षीपुरती.)

साक्षीदार दुसरे: बसचालक. रजेच्या दिवशी हमरस्त्यावरून चालत आले.

स्थळ: राहते घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: अकरा, बुधवार, सकाळी दहा