अकरा पानांची संमती

तीर्थरूप मामांस,

खुर्चीत बसल्या बसल्याच नमस्कार करते आहे, तो वाकून केल्यासारखा मानून घ्या. (दिवसभर उभं राहून कंबरेने संप पुकारला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुमचं ऐकत नाहीत असं तुम्ही लिहिलंत आणि तुम्ही औषधं घेत नाही असं मामींनी लिहिलं. दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून आली, तेव्हा घरी सगळं ठीक आहे असं धरून चालते.

मी नेमकं काय काम करते असं तुम्ही दर पत्रात विचारता आणि मी "हॉस्पिटलात" एवढंच लिहून सटकते. आज सांगूनच टाकते. आमच्या तातडीच्या विभागात एक संशोधन चाललं आहे. धाप लागून, श्वास पुरेनासा झालेली माणसं येतात, त्यांना प्राणवायू देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून यंत्राने हवा आत ढकलतात, दुसरीत नाकात दोन नळ्या घालून गरम, ओलसर प्राणवायू जोरात सोडतात. दोन्ही चांगल्या, दोन्ही वापरातल्या. जास्त चांगली कुठली, हे मात्र कुणालाच नक्की ठाऊक नाही. डॉक्टरांवर सोडलं तर प्रत्येक जण आपल्या आवडीची देणार (डॉक्टरांच्या आवडीनिवडी तुमच्या चहाच्या आवडीनिवडींपेक्षा कडक असतात), मग तुलना व्हायची कशी? म्हणून कुणाला कुठली, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवते. आणि पाकीट फोडण्याआधी पेशंटची, त्याला बोलवत नसेल तर घरच्या माणसाची, संमती घ्यायची. ती घेणारी बाई म्हणजे मी.

संमतीपत्र अकरा पानी आहे. ज्याचं माणूस समोर धापा टाकतंय, त्याला ते वीस मिनिटांत समजावून सांगायचं. एका निवृत्त मास्तरांनी सातव्या पानावरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढून दिल्या आणि मेहुणा आल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. एका जावयाने न वाचताच सगळ्या सह्या केल्या, त्या ओघात माझ्या वाणसामानाच्या यादीवरही केली. एका काकूंनी मान डोलावत सगळं ऐकलं, समजलं म्हणाल्या, सही केली आणि मग विचारलं, यांच्या पायाचे टाके कधी काढणार. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायको होत्या त्या. चूक माझीच, मी पडद्याच्या चुकीच्या बाजूला उभी होते.

हे हसण्यावारी नेता येतं. मंगळवारचं मात्र नेता येत नाही.

दोन आठवड्यांमागे मंगळवारी दुपारी एका रंगाऱ्याला आणलं. जेमतेम पन्नाशीचा, बोटांना अजून पांढरा रंग, ओठ निळसर. न्यूमोनिया होता. साधा प्राणवायू लगेच सुरू केला होता, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पाठोपाठ त्याची बायको आली, ती बस कंडक्टर. ड्युटीवरून तशीच आलेली, गणवेशात, खांद्याला तिकिटांची पिशवी. मी तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं आणि पहिलं पान काढलं. अर्धं पान झाल्यावर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"म्हणजे तुम्ही लोक चिठ्ठी टाकणार. माझ्या नवऱ्यावर."

मी म्हटलं, तसं नाही, पान चारवर सगळं दिलं आहे.

"पान राहू दे बाई. कुठलं बरं, ते तुम्हाला माहीत आहे का नाही?"

मामा, सात महिने मी हे काम करते. या प्रश्नाला "दोन्ही उपचार मान्यताप्राप्त आहेत" असं उत्तर द्यायचं मला शिकवलं आहे. ते ओठांवर आलंही होतं. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि पलीकडून तिच्या नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता, लाकडावर कानस घासल्यासारखा.

"नाही," मी म्हटलं. "नाही माहीत."

"मोठ्या डॉक्टरांना?"

आमच्या मोठ्या बाई खाटेपाशीच होत्या. त्यांनी न वळताच सांगितलं, "मलाही नाही. मी एरवी मास्क लावते, सवय म्हणून."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं, अकराही पानांवर एकेक तिरकी रेघ मारली आणि शेवटच्या पानाच्या पाठीवर लिहिलं: कुठलं बरं ते यांना माहीत नाही. तसं यांनी मला तोंडावर सांगितलं. माझी हरकत नाही. खाली सही आणि वेळ. (वेळ मिनिटासकट.)

आता गंमत बघा. खाडाखोड केलेलं संमतीपत्र बाद. त्यामुळे तो रंगारी संशोधनात धरता आला नाही, पाकीट बंदच राहिलं, आणि मोठ्या बाईंनी सवयीप्रमाणे मास्क लावला. पहिले दोन दिवस कठीण गेले. तिसऱ्या दिवशी तो उतारावर लागला, सहाव्या दिवशी भिंतीचा रंग कुणी दिला म्हणून नाक मुरडायला लागला. घरी जाताना बायकोने मला विचारलं, पाकिटात काय होतं? मी म्हटलं, ते उघडायची परवानगी नाही. ती म्हणाली, "नकोच. त्यात मास्क निघाला तर मास्कनेच बरे झाले असं मी सगळ्यांना सांगत बसेन, आणि ते तरी कुठे माहीत आहे?"

एवढं शहाणपण, मामा, आमच्या बैठकीत या सात महिन्यांत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

मोठ्या बाईंनी ते रेघांचं पान स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. आता त्या एक पानी संमतीपत्र लिहिताहेत, पहिलंच वाक्य "आम्हाला माहीत नाही" असं. शेजारच्या विभागाचे साहेब म्हणतात, याने रुग्णालयाची अब्रू जाईल. मला वाटतं, माहीत नाही हे अकरा पानांत लपवत होतो, तेव्हाच ती थोडी गेली होती.

मामींना नमस्कार, गुडघ्याला विश्रांती.

तुमचीच,
उभी भाची

ता. क. – नवं पान मंजूर व्हायचं तर नीतिसमितीची बैठक लागते आणि समितीत डॉक्टरकीशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस असावाच लागतो. आमचे आधीचे सामान्य गृहस्थ पाच वर्षांत इतके वैद्यकीय बोलायला लागले की त्यांना काढावं लागलं. पंख्याच्या दुकानदाराला तीनदा गाठून वॉरंटीच्या कागदाचा अर्थ विचारणारा माणूस मला एकच ठाऊक आहे.

ता. क. २ – सामान्य म्हटलं म्हणून रागावू नका. तो हुद्दा आहे.

ता. क. ३ – तुमचं नाव मी सोमवारीच देऊन टाकलं. बैठक पुढच्या शुक्रवारी अकराला. तुम्हाला विचारायला हवं होतं, हे मला माहीत आहे.