मुसकं

२ डिसेंबर, सोमवार

मला विजू नाही, मॅडम म्हणाल्या! कस्तुरामावशी! ज्या बाईनं मला हाताला धरून ताडकळसच्या या शेंगांच्या कारखान्यात आणलं, खवट दाणा नुसत्या बोटांनी ओळखायला शिकवलं, ती बाई आज मला बघून पाटावरून उठून उभी राहिली. बन्सीधर मुकादम काम सोडून गेले आणि मालकांनी त्यांची खुर्ची मला दिली, तेव्हापासून हे असंच. मी आत गेले की दाणे निवडणाऱ्या सगळ्या बायका गप्प. मागच्या महिन्यापर्यंत त्यांच्यात सगळ्यात जास्त बडबड माझीच होती.

३ डिसेंबर

मावशी खोकला गिळतात. आज नीट पाहिलं. मी दिसले की पदर तोंडात कोंबतात, डोळे लाल होतात, पण आवाज काढत नाहीत. का ते ठाऊक आहे — बन्सीधर खोकणाऱ्या बाईला त्याच दिवशी घरी बसवायचे. "मालावर खोकलती," म्हणायचे. मावशींच्या घरात कमावतं माणूस दुसरं कुणी नाही.

शेंगा फोडायचं मशीन सुरू झालं की फोलपटांची धूळ अशी उठते, समोरची बाई दिसत नाही. आता खुर्ची माझी आहे ना? मग काहीतरी करायलाच हवं.

५ डिसेंबर

परभणीला जाऊन मास्क आणले. चांगले जाड कापडाचे, निळे. लेकीच्या बारशाचा आहेर घेतल्यासारखं वाटतंय. उद्या वाटते!

६ डिसेंबर

एकीनंही घातला नाही.

७ डिसेंबर

पाणी प्यायला आलेली सगुणाबाई तेवढी बोलली. "मॅडम, एखांदा दाणा तोंडात टाकताव आमी, खरं हाय. पर म्हणून मुसकं?"

मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली — कोळपणीच्या वेळी बैलानं उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून बांधतात, ते मुसकं! मी आणलं धुळीसाठी, त्यांना वाटलं दाणे खाऊ नयेत म्हणून. आणि का नाही वाटणार? गठ्ठा टेबलावर ठेवला, "उद्यापासून सगळ्यांनी तोंड बांधायचं" म्हटलं आणि ऑफिसात निघून आले. कशासाठी, ते सांगितलंच नाही. अगदी बन्सीधरांसारखी बोलले मी. त्या खुर्चीलाच काहीतरी लागलेलं असावं.

घरी येऊन रडले. मावशींना मी बैल समजते असं त्यांना वाटलं, याचंच फार वाईट वाटलं.

९ डिसेंबर

आज खुर्ची सोडली. मास्क बांधून मावशींच्या शेजारी पाटावर बसले, दाणे निवडत. दुपारपर्यंत जीव गुदमरला, कान दुखले. बोलताही येईना — आणि निवडताना बोलायचं नाही तर दिवस जायचा कसा? काढून टाकला. सगळ्यांच्या देखत चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "खा की गं. दाण्यासाठी न्हवतं आणलं. मावशीच्या छातीसाठी आणलं."

दोघीतिघी हसल्या. मावशी नाही हसल्या. खाली बघतच म्हणाल्या, "आमचं तोंड कशाला बांधायलीस? त्या मशीनचं बांध की."

खरंच की! फोलपटं जिथून बाहेर पडतात तिथं मोठी नळी लावली तर धूळ थेट बाहेर जाईल. पण त्यासाठी मशीन बंद ठेवावं लागेल. तेही ऐन हंगामात.

१० डिसेंबर

मालकांकडे गेले. दिनकरराव माणूस वाईट नाही, पण मशीन दोन दिवस बंद म्हटल्यावर हातातला चहा खाली ठेवला. "खोकला कुणाला हाय? नाव सांग. तिला बसीव घरी. दुसरी बाई मिळंल."

नाव जिभेवर होतं. गिळलं. म्हणाले, "सगळ्यायलाच हाय, मालक. मलाबी हाय. कुणाकुणाला बसवताव?"

खुर्ची गेली असं धरूनच चालले होते. मालकांनी ठेवलेला चहा उचलून संपवला. मग म्हणाले, "शनिवार-रविवार घे. सोमवारी मशीन चालू पायजे."

१५ डिसेंबर, रविवार

ताडपत्रीची भली मोठी नळी शिवली, सगुणाबाईनं आणि मी मिळून. फिटरनं भिंतीला भोक पाडून ती मागच्या उकिरड्याकडे सोडली. सगुणाबाई नळीवर थाप मारून म्हणते, "ह्ये बघ, ह्येला म्हनत्यात मुसकं." हसून हसून पोट दुखलं. मावशी आल्या नाहीत. उद्या कामावर तरी येतील ना?

१६ डिसेंबर

मशीन सुरू झालं. धूळ आहे अजून थोडी, पण समोरची बाई दिसते. मी आत गेले तरी गप्पा थांबल्या नाहीत.

मावशी आल्या होत्या. माझ्याकडे बघत, पदर न लावता खोकल्या. खूप वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "विजू, दवाखान्यात चलतीस का माझ्यासंगं? एकटीला भेव वाटायलंय."