फोनांच्या पेटीचं कुलूप

देवबाग, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय रॉयस्टनदादा,
स. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आमच्या रिसॉर्टवर सुदेशकाका मॅनेजर होते, तेव्हा गर्दीत स्वतः ताटं उचलायचे. नऊ वर्षांत एकच मुलगी सोडून गेली, तीही लग्न होऊन. नवे साहेब खुर्चीतून उठत नाहीत. चार महिन्यांत पाच जण गेले. कामावर आलं की सगळ्यांचे फोन पेटीत घालून कुलूप लावतात.

काल स्वयंपाकघरातल्या मथुराकाकूंनी विनवलं, की लेक बाळंतपणाला दवाखान्यात आहे, फोन जवळ असूंदे. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मग पेटीत फोन वाजतच राहिला. काकू मासे तळता तळता रडत होत्या. मी चावी मागितली, तर साहेबांनी मान फिरवली. मग मीच नारळाचा कोयता घेतला आणि त्यांच्यासमोर कुलूप फोडलं.

फोन दवाखान्यातूनच होता, लेकीला रक्त हवं होतं. आमचा बोटवाला लिओन तसाच धावला, त्याचं जुळलं. लेक आणि तिची नवी मुलगी, दोघी सुखरूप आहेत. मला मात्र कामावरून काढलं. मम्मीला इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागेल.
डेलिशा

ओरोस, ६ फेब्रुवारी

चि. डेलिशास अनेक आशीर्वाद.

गो बाये, कोयतो उचलूच्या आधी माका तरी इचारूचा! सतरा वर्षं कचेरीत मान खाली घालून मी टिकलो. माफीच्या चार ओळी लिहून दे. हंगाम चालू आहे, परत घेतील.

रागावलो तरी माया तीच.
रॉयस्टन

देवबाग, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

माफी लिहायला बसले होते. कुलूप फोडल्याचं मला वाईट वाटत नाही, एवढंच लिहिलं गेलं. तेच पाठवलं.

आज सकाळी लिओन, माझ्याबरोबर काम करणारी विनीता, असे मिळून अकरा जण कामावर न जाता आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसले. शपथ, मी कुणाला बोलावलं नव्हतं. रिसॉर्टवर पाहुण्यांना चहा द्यायला साहेब एकटेच!

दुपारी मालक आले. म्हणाले, साहेबांना काढतो, तू मॅनेजर हो. मी म्हटलं, आधी मथुराकाकूंची माफी मागा. ते खिशातून फोन काढू लागले. विनीता म्हणाली, फोनार नको, घराकडे जावा.

नऊ वर्षं काकूंच्या हातचं जेवले, पण त्यांचं घर खंय आसा ते मालकांना ठाऊक नव्हतं. दाखवायला आमच्यातलं कुणी उठलं नाही. विचारत विचारत गेले.

उद्या कामावर जायचं की नाही, ते काकू सांगतील.

तुझ्या मायेची, अजून बिनकामाची,
डेलिशा